दाखल नोंदवहीचे ऑब्जेक्ट : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

७ जून २०२५, शनिवार

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद ठेवणारी वही, संगणकावर आणण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. वह्या एकूण चार असून त्यांतली पहिली १९५४ साली सुरू झालेली आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत गावातील महाविद्यालयीन मुलांनी या वह्या आणि देवघेवीची रजिस्टरे टंकित करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) फायली केल्या. त्यांत पुस्तकांच्या जवळपास १२,००० ओळी आहेत आणि देवघेवीच्या ८६,०००. मात्र प्रत्येकाने रकाने आपापल्या सोयीने ठेवले आहेत. एकाच्या फायलीत ‘लेखक’ आहे, दुसऱ्याच्या फायलीत ‘ग्रंथकार’, आणि तिसऱ्याने नाव व आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत टाकले आहे. चवथीपूर्वी, म्हणजे २७ ऑगस्टच्या आत, एक शुद्ध यादी हाती यावी अशी कार्यवाहांची अपेक्षा आहे.

साधन म्हणून पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा निवडली. वाचनालयातील विंडोज संगणकावर त्याची ५.१ ही आवृत्ती आधीच असल्यामुळे नवे काही बसवावे लागणार नाही आणि माझ्यामागे कोणाला त्याची देखभाल करावी लागणार नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या भाषेत पाइपलाइनमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणाऱ्या साखळीतून, नुसता मजकूर वाहत नाही, ऑब्जेक्ट, म्हणजे नावे दिलेल्या रकान्यांचे (प्रॉपर्टींचे) गठ्ठे, वाहतात, आणि नोंदवहीची ओळ हा मुळात ऑब्जेक्टच आहे. डेटाबेस का नको, असे एका मित्राने विचारले. १२,००० नोंदी स्मृतीत सहज मावतात आणि शेवटी उरणारी साधी फाईल पुढचा माणूस कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडू शकतो, एवढेच उत्तर मी दिले.

८ जून, रविवार

एका पुस्तकाचा ऑब्जेक्ट कसा असावा हे ठरवण्यात पूर्ण दिवस गेला. तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, हॅशटेबलच्या (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या संचाच्या) आधी चौकोनी कंसात ‘पीएसकस्टमऑब्जेक्ट’ लिहिले की ऑब्जेक्ट तयार होतो आणि प्रॉपर्टींचा क्रम आपण लिहिला तसाच राहतो. हॅशटेबल आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवण्यासाठी दिलेल्या नावात, ठेवून मग त्याचे रूपांतर केले तर क्रमाची खात्री राहत नाही. त्यासाठी हॅशटेबलच ‘ऑर्डर्ड’ करावे लागते.

प्रॉपर्टींची नावे मराठीतच ठेवायची असा माझा हट्ट होता, कारण ही यादी वापरणार वाचनालयातली माणसे. त्यात दोन अडचणी आल्या. पहिली अडचण व्हेरिएबलच्या नावांची होती. साध्या नावात पॉवरशेल अक्षरे आणि अंक स्वीकारते, पण मराठीच्या वेलांट्या, उकार आणि मात्रा युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत) ‘अक्षर’ या गटात येतच नाहीत. त्या चिन्हांच्या वेगळ्या गटात येतात. त्यामुळे ‘पुस्तक’ या नावाचे व्हेरिएबल महिरपी कंसात घातल्याशिवाय चालत नाही. शेवटी व्हेरिएबलची नावे रोमन ठेवली आणि प्रॉपर्टींची नावे अवतरणचिन्हांत मराठी ठेवली. दुसरी अडचण अशी की घरी ७.५ आवृत्तीवर नीट चाललेली स्क्रिप्ट वाचनालयात नेल्यावर सगळ्या मराठी नावांचा चिवडा झाला. फायलीच्या आरंभी बीओएम ही खूण नसेल तर ५.१ ती फाईल युटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) न समजता विंडोजच्या जुन्या कोडपेजने वाचते. स्क्रिप्ट बीओएमसह जतन केली आणि चिवडा गेला.

सक्त पद्धत, म्हणजे ‘सेट-स्ट्रिक्टमोड’, पहिल्याच ओळीत चालू केली. ती नसताना ‘लेखक’ऐवजी ‘लेखख’ असे लिहिले तरी भाषा कुरकुर करत नाही आणि मुकाट्याने रिकामी किंमत परत देते. रिकाम्या रकान्यांची कमतरता आमच्या वह्यांत मुळीच नाही, त्यात आपल्या चुकीने आणखी भर कशाला घालायची?

१४ जून, शनिवार

देवघेवीच्या ८६,००० ओळी वाचताना वाचनालयाचा संगणक बसला. दहा मिनिटे उलटली तरी स्क्रिप्ट संपेना. मी रिकामा ऍरे (घटकांची क्रमवार रांग) घेऊन लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणाऱ्या भागात, ‘+=’ने एकेक ऑब्जेक्ट जोडत होतो. पॉवरशेलमधला ऍरे ठरीव लांबीचा असतो. ‘+=’ त्यात जागा वाढवत नाही, प्रत्येक वेळी एकाने मोठा नवा ऍरे तयार करून जुने सगळे घटक त्यात उतरवते. ८६,००० नोंदींसाठी ही उतरवण्याची बेरीज ३६९ कोटी ७९ लाखांच्या वर जाते. पुस्तकांच्या १२,००० नोंदींना तोच हिशेब सात कोटी २० लाखांच्या आत राहतो, म्हणून पुस्तकांच्या वेळी काहीच जाणवले नव्हते. ७.५ आवृत्तीत ‘+=’ची गती बरीच सुधारली असल्याने घरीही हा दोष लपून राहिला.

यावर दोन उपाय आहेत. एक, लूपमध्ये काहीच न जोडता ऑब्जेक्ट नुसता बाहेर सोडायचा आणि संपूर्ण लूपच व्हेरिएबलला नेमून द्यायचा. गोळा करण्याचे काम भाषा स्वतः करते. दोन, जिथे मधूनच जोडावे किंवा काढावे लागणार आहे तिथे डॉटनेटची (पॉवरशेल ज्यावर उभे आहे त्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची) जनेरिक लिस्ट वापरायची. ती आपली धारणक्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत नेते, त्यामुळे प्रत्येक जोडणीला सगळे पुन्हा उतरवावे लागत नाही. वाचनासाठी पहिला उपाय घेतला आणि दुरुस्तीसाठी दुसरा. चहा येईपर्यंत सगळ्या ओळी वाचून झाल्या होत्या.

१५ जून, रविवार

जुन्या सवयीने एका ठिकाणी ‘ऍरेलिस्ट’ ही डॉटनेटची जुनी यादी वापरली आणि यादीच्या आधी ०, १, २, ३ असे आकडे बाहेर सांडले. तिची ‘ऍड’ क्रिया नव्या घटकाचा क्रमांक परत देते, आणि पॉवरशेलमध्ये जे पकडले नाही ते उत्तरात मिसळते. जनेरिक लिस्टची ‘ऍड’ काहीही परत देत नाही. ऍरेलिस्ट काढून टाकली.

२२ जून, रविवार

आजची चूक लाज वाटावी अशी होती, पण सर्वांत जास्त तिनेच शिकवले. वेळ वाचेल या समजुतीने मी कोऱ्या पुस्तकाचा एकच ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर तयार करून ठेवला होता. प्रत्येक ओळीसाठी त्याच्याच प्रॉपर्टी भरायच्या आणि तो लिस्टमध्ये टाकायचा, असा बेत होता. स्क्रिप्ट झटकन संपली, नोंदींची संख्याही बरोबर आली. मास्तरांनी यादी वर-खाली केली आणि म्हणाले, “अरे, आपल्याकडे एवढ्या प्रती कोणी दिल्या?” चौथ्या वहीतले शेवटचे पुस्तक सगळ्या ओळींवर होते. मास्तर गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आता वाचनालयाचे ग्रंथपालपद सांभाळतात.

लिस्टमध्ये ऑब्जेक्ट ठेवला जात नाही, त्याचा पत्ता ठेवला जातो. १२,००० कार्डे वेगवेगळी असली तरी प्रत्येकावर ‘अमुक कपाट, अमुक फळी’ असा एकच पत्ता लिहिला असेल तर कुठलेही कार्ड काढा, हाती तेच पुस्तक लागणार. मास्तरांना हे असेच समजावले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते तेव्हाच नीट कळले.

त्यानंतर ऑब्जेक्ट तयार करण्याचे काम सगळ्या स्क्रिप्टमधून उचलून एकाच फंक्शनमध्ये नेले. कोणत्याही मुलाच्या फायलीतली कोणतीही ओळ आत येते आणि ठरलेल्या आकाराचा, प्रत्येक वेळी नवा असा ऑब्जेक्ट बाहेर पडतो. ‘ग्रंथकार’चा ‘लेखक’ तिथेच होतो आणि नाव-आडनाव तिथेच जुळते. या फंक्शनला ‘मानस’ असे नाव दिले आहे. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, खाडीचे पाणी कधी आणि किती आत घ्यायचे ते बांधाची मानस, म्हणजे पाण्याचे दार, ठरवते. बांध फुटून आलेले खारे पाणी शेत नासवते. यापुढे मानशीतून आल्याशिवाय कोणतीही नोंद लिस्टमध्ये जाणार नाही.

२९ जून, रविवार

मुलांपैकी काहींनी आकडे देवनागरीत टंकित केले आहेत. आकड्यांची तपासणी करण्यासाठी मी रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकूर नमुन्याशी ताडून पाहण्याच्या पद्धतीतील) ‘कोणताही अंक’ ही खूण वापरली होती आणि देवनागरी आकडे त्या तपासणीतून निर्धोक पार झाले, कारण डॉटनेटमध्ये त्या खुणेत युनिकोडमधील सर्व लिप्यांचे दशमान अंक येतात. पुढच्याच ओळीत पूर्णांकात रूपांतर करताना मात्र स्क्रिप्ट कोसळली, कारण त्या रूपांतराला फक्त ० ते ९ यांची रोमन रूपे समजतात. एकाच घरातल्या दोन खिडक्यांवर वेगवेगळे नियम असावेत तसा हा प्रकार आहे. मानशीत प्रत्येक अंकाचे मूल्य ‘गेटन्युमेरिकव्हॅल्यू’ने काढून तो आधी बदलून घेतला. दाखल क्रमांक पूर्णांक झाल्यावर क्रमवारीही सुधारली. तोवर सीएसव्हीतून आलेले सगळे मजकूरच असल्यामुळे १० हा क्रमांक ९च्या आधी येत होता.

५ जुलै, शनिवार

पाऊस, वीज नाही. वह्यांना कसर लागू नये म्हणून कपाट उघडून पाने हवेशीर ठेवली, एवढेच काम झाले.

१२ आणि १३ जुलै

किंमत. दोन्ही दिवस या एकाच रकान्यावर गेले आणि अजूनही तो पुरता सुटलेला नाही.

पहिल्या वहीची सुरुवात १९५४ची आहे, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज अंमल असतानाची. तेव्हा इथे पोर्तुगीज इंडियाचा रुपिया चालत असे आणि त्याचे १६ तांगे होत. १९५८-५९च्या सुमारास रुपिया जाऊन एस्कुदो आला. एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर होता. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाल्यानंतर भारतीय रुपया आला. पण मराठी पुस्तके मुंबई-पुण्याहून येत, त्यामुळे मुक्तीपूर्वीच्या नोंदींतही काही किमती भारतीय रुपयांतल्या आहेत. त्यातून गोंधळ असा की भारतीय रुपयाचेही १ एप्रिल १९५७ पर्यंत १६ आणेच होते. म्हणजे १९५५ साली कुणी ‘२-८’ असे लिहिले असेल तर ते दोन रुपये आठ आणे की दोन रुपिये आठ तांगे, हे आकड्यावरून सांगता येत नाही. दोन्हींत ते अडीचच होतात, पण अडीच कशाचे?

सुरुवातीला किमतीची प्रॉपर्टी सरळ दशांश संख्या ठेवली होती. ती मागे घेतली. आता किंमत हा स्वतःच एक लहान ऑब्जेक्ट आहे आणि त्यात तीन प्रॉपर्टी आहेत: वहीत जसा आहे तसा मूळ मजकूर, त्यावरून काढलेली रक्कम आणि चलन. चलन निश्चित नसेल तर ते ‘अनिर्णित’ राहील. मूळ मजकुराला स्क्रिप्टमधील कोणतीही ओळ हात लावणार नाही. वहीवर अंदाजाची शाई चढवायचा अधिकार मला नाही.

ऑब्जेक्टच्या पोटात ऑब्जेक्ट गेल्याबरोबर जुन्या गोष्टी नव्याने बिघडल्या. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असतील तर मी पहिल्या प्रतीचा ऑब्जेक्ट ‘कॉपी’ने उतरवून फक्त दाखल क्रमांक बदलत होतो. ही नक्कल वरवरची असते. बाहेरचा ऑब्जेक्ट नवा होतो, पण आतल्या किमतीचा पत्ता तोच राहतो. दुसऱ्या प्रतीची किंमत दुरुस्त केली तर पहिलीचीही बदलली. २२ जूनची चूक दुसऱ्या दाराने परत आली होती. आता नक्कल करतच नाही. प्रत्येक प्रतीची ओळ मानशीतून नव्याने जाते.

जेसन (पोटातले ऑब्जेक्टही मजकुरात मांडणारा फायलीचा प्रकार) फाईल काढताना दुसरा धक्का बसला. ‘कन्व्हर्टटू-जेसन’ आपण काही न सांगता दोन पातळ्यांपर्यंतच आत उतरते. वाचनालय, त्याखाली पुस्तकांची यादी, तिच्यात पुस्तक आणि पुस्तकात किंमत, एवढ्या खोलीवर किमतीचा ऑब्जेक्ट न राहता महिरपी कंसातला एक मजकूर झाला. ७.१पासून यावर निदान इशारा मिळतो, ५.१ गप्प राहते. ‘डेप्थ’ सहा केली. सीएसव्हीत तर पोटातले ऑब्जेक्ट मावतच नाहीत, म्हणून तिथे निर्यातीपूर्वी किमतीचे तीन सपाट रकाने केले.

१९ जुलै, शनिवार

लेखकनिहाय संख्यांच्या तक्त्यात काही लेखकांपुढे आकडाच आला नाही. ज्यांचे वाचनालयात एकच पुस्तक आहे, नेमके तेच ते लेखक होते. गाळणीतून अनेक ऑब्जेक्ट आले तर पॉवरशेल ऍरे देते, एकच आला तर ऍरे न देता नुसता ऑब्जेक्ट देते, आणि ५.१मध्ये अशा ऑब्जेक्टला ‘काउंट’, म्हणजे संख्या सांगणारी प्रॉपर्टी, नसते. घरच्या आवृत्तीत तिथे १ येतो, म्हणून हेही घरी दिसले नाही. एव्हाना घरी चालले म्हणून वाचनालयात चालेल हा विश्वास मी सोडला आहे. जिथे जिथे मोजणी आहे तिथे गाळणीभोवती ‘@( )’ घातले, म्हणजे शून्य, एक किंवा शंभर काहीही येवो, हाती ऍरेच राहतो. ही मोजणी ज्या लहान स्क्रिप्टमध्ये होती तीत सक्त पद्धत चालू नव्हती. असती तर रिकाम्या चौकटीऐवजी चूक दिसली असती. तीही चालू केली.

२० जुलै, रविवार

देवघेवीची प्रत्येक ओळ तिच्या पुस्तकाशी जोडायची होती. प्रत्येक ओळीसाठी सगळी लिस्ट चाळणे म्हणजे ८६,००० वेळा १२,००० नोंदी पाहणे. त्याऐवजी दाखल क्रमांक ही किल्ली धरून पुस्तकांचे हॅशटेबल केले आणि शोध तत्काळ होऊ लागला. आरंभी एकही पुस्तक सापडेना, कारण किल्ल्या पूर्णांक होत्या आणि देवघेवीतले क्रमांक मजकूर; हॅशटेबलच्या दृष्टीने १२ हा पूर्णांक आणि ‘१२’ हा मजकूर या दोन परक्या किल्ल्या आहेत. देवघेवीच्या ओळींनाही मानस लावली.

हॅशटेबलमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. नऊ दाखल क्रमांकांवर दोन-दोन पुस्तके आहेत. सरळ नेमणूक केली असती तर दुसऱ्याने पहिल्याला गुपचूप पुसले असते; ही किल्ली आधीच आहे का, असे मी आधी ‘कंटेन्सकी’ने विचारत असल्याने ती पकडली गेली. मास्तरांनी मूळ वही काढली. सात ठिकाणी टंकनाची चूक निघाली. उरलेल्या दोन ठिकाणी वहीतच तो क्रमांक दोनदा पडला आहे, आणि दुसऱ्या नोंदीपुढे पेन्सिलीने ‘अ’ लिहिलेला आहे. तो ‘अ’ टंकित करताना गळला होता. त्यामुळे दाखल क्रमांकासोबत ‘उपक्रमांक’ ही प्रॉपर्टी आली आणि किल्ली दोन्ही जोडून होऊ लागली.

२ ऑगस्ट, शनिवार

‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ रकाने पहिल्या ऑब्जेक्टवरून ठरवते. नंतरच्या ऑब्जेक्टमध्ये जास्तीची प्रॉपर्टी असेल तर ती काही न बोलता गाळते. ‘उपक्रमांक’ फक्त त्या दोनच नोंदींना ‘ऍड-मेंबर’ने चिकटवलेला असल्यामुळे फायलीत तो आलाच नाही. ही मानशीला बगल देण्याची शिक्षा. आता उपक्रमांक सर्वांना आहे, बहुतेकांचा रिकामा.

त्याच फायलीत सगळी मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन पडली होती, कारण ५.१मध्ये ही आज्ञा वेगळे सांगितल्याशिवाय आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरे असलेल्या जुन्या संकेतप्रणालीत, लिहिते. एन्कोडिंग युटीएफ-८ दिले. पहिली प्रत उघडताना मास्तर शेजारी नव्हते, हे बरे झाले.

३ ऑगस्ट, रविवार

वाळवीने खाल्लेली आणि हरवलेली पुस्तके यादीतून काढण्यासाठी लिस्टवर लूप चालवून आतच ‘रिमूव्ह’ केले. ‘संग्रह बदलला, पुढे जाता येत नाही’ अशा अर्थाची चूक येऊन लूप थांबला. चालू असलेल्या गणनेत मोजदादीची वस्तू काढता येत नाही; शेवटाकडून उलटे यावे लागते किंवा ‘रिमूव्हऑल’ला अट द्यावी लागते. अट देऊन ते जमवले.

संध्याकाळी मास्तरांनी विचारले, “काढलेस म्हणजे? वहीतून आपण कधी काही काढत नाही. तांबडी रेघ मारतो आणि शेऱ्यात तारीख लिहितो.” त्यांचे म्हणणे मान्य करून काढलेले सगळे परत आणले. आता ‘स्थिती’ आणि ‘बाद दिनांक’ अशा दोन प्रॉपर्टी आहेत आणि चालू यादी ही मूळ संग्रहावरची फक्त एक गाळणी आहे. जुन्या देवघेवीच्या ओळी बाद झालेल्या पुस्तकांकडेही बोट दाखवतात, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

१० ऑगस्ट, रविवार

विषयनिहाय गट पाडताना ‘किनाऱ्यावरील जीवन’ हा विषय दोनदा आला. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण एका मुलाच्या कळफलकाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घातले आहे आणि दुसऱ्याच्या कळफलकाने साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. युनिकोडच्या ‘नॉर्मलाइझ’ने ही दोन रूपे एक होत नाहीत, बदल हाताने लिहून मानशीत टाकावा लागला. तो केल्यावर विषयांचे एकूण १४ जुळे गट एकत्र आले.

२४ ऑगस्ट, रविवार

वाचनालयाच्याच संगणकावर पूर्ण यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा तयार केली. पुस्तकांच्या ११,९८६ नोंदी झाल्या आणि एकही प्रश्नचिन्ह आले नाही. ४१ पुस्तकांचे चलन अनिर्णित राहिले आहे. त्या ४१ ओळी मोठ्या अक्षरात छापून मास्तरांना दिल्या. जुनी बिले कार्यवाहांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत असावीत असे मास्तरांना वाटते, आणि चवथीच्या साफसफाईत ती ट्रंक खाली उतरणारच आहे. त्यांनी पेन्सिलीने भरलेला कागद परत आला की त्याचीही सीएसव्ही करून मानशीतून आत घ्यायची आहे.